पाटीवरचा हिशेब

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा शनिवार आमच्या शाळेत सकाळचा आणि निम्मा मोकळा असतो. त्या दिवशी मी फळ्यावर साडेतीन हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहितो आणि मुलांना विचारतो, "याचा दिवाळीशी काय संबंध?" गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पुरे मुहूर्त आणि दिवाळीतला पाडवा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त, हे कोणीतरी आपल्या आजीकडून ऐकून आलेले असतेच. मग मी पुढचा प्रश्न टाकतो, "साडेतीनला जुनी माणसे काय म्हणत?" यावर वर्ग गप्प होतो. एका वर्षी मात्र एक मुलगा मधल्या सुटीत घरी पळाला आणि पणजोबांना विचारून आला. धापा टाकीत म्हणाला, "औट, गुरुजी, औट!"

पणजोबांनी त्याला एवढ्यावरच सोडले नव्हते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सबंध औटकी म्हणून दाखविली होती. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, अशी थेट शेवटापर्यंत. त्यांना धड ऐकू येत नव्हते, घरची माणसेही कधी कधी ओळखू येत नव्हती. पण औटकी शाबूत होती. संध्याकाळी मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. म्हटले, "आजोबा, ही औटकी तुम्हांला आयुष्यात कधी उपयोगी पडली का?" म्हातारा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "पाठ व्हती. पर हिशेब लिवायची वही सावकाराची व्हती."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मी गणिती नव्हे आणि इतिहाससंशोधकही नव्हे. गोष्टी-कादंबऱ्या लिहिणारा प्राथमिक शाळेतला मास्तर आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रात हिशेब कोण शिकत होते, कोणाला शिकता आला नाही आणि ज्यांना तो आला नाही त्यांचे पुढे काय झाले, हे जमेल तसे वाचून काढण्याचा मला त्या दिवसापासून नाद लागला. त्या नादातून जे हाती आले आणि त्याचे माझ्या वर्गात जे झाले, ते आज सांगतो.

१

पंतोजींच्या शाळेचे वर्णन आपण सर्वांनी कोठे ना कोठे वाचलेले आहे. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत ती भरे. छापील पुस्तक नाही, तक्ता नाही. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने तीत अक्षरे गिरवायची. यावरून धुळाक्षरे हा शब्द आला. मोठी मुले लहानांना घोकवीत. संध्याकाळी परवचा होई, आणि त्यात तीसपर्यंतचे पाढे तर असतच, पण त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची सारी भावंडे असत. शेर, पायली, मण आणि खंडी, किंवा आणे, पैसे आणि पै, यांत वागणाऱ्या माणसाला अपूर्णांकांवाचून एक पाऊल टाकता येत नसे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण. सव्वादोन मणांना पावणेचार रुपये भावाने किती, हे तोंडी सांगता आले पाहिजे. या शाळेत गणित हा निराळा विषय नव्हता. मोडी लिहायची ती हिशेब आणि पत्रे लिहिण्यासाठी, आणि हिशेब शिकायचा तो व्यवहारासाठी. सगळे एकाच गोणीत भरलेले होते.

पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती तेव्हाची, म्हणजे 1821 सालची गोष्ट. मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट नावाच्या एका साहेबाने लिहून ठेवले की, या मुलखात लहानमोठे असे गाव क्वचितच सापडेल की जेथे निदान एक शाळा नाही. मास्तराला मूठ-दोन मुठी धान्यापासून महिना रुपयापर्यंत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मिळे; आणि इथला शेतकरी व लहान दुकानदार आपला हिशेब जितका चोख ठेवतो, तितका विलायतेतील खालच्या थरातील माणसालाही जमत नाही, असा त्याचा अभिप्राय होता.

हे वाचून पहिल्यांदा माझी छाती फुगली. पण मग 1829 सालची सरकारी मोजणी पाहण्यात आली. मुंबई इलाख्यात 1,705 शाळा आणि 35,143 विद्यार्थी, लोकसंख्या 46,81,735. मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि पाचवीच्या मुलांना म्हटले, "किती माणसांमागे एक विद्यार्थी, काढा." एवढा मोठा भागाकार त्यांनी कधी केला नव्हता. अर्धा तास खडू आणि पाट्या झिजल्या. उत्तर आले: 133 माणसांमागे एक.

"आणि आपल्या गावात?" मी विचारले. गावची लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेली असते आणि शाळेचा पट माझ्या टेबलावर. मुलांनी तेही काढले. आठ माणसांमागे एक.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "गुरुजी, त्या पस्तीस हजारांत पोरी किती?"

मी म्हटले, "जवळजवळ नाहीतच." आणि ओवरीवर पाय ठेवण्याची ज्यांना बंदी होती, त्यांची मुलेही त्यांत नव्हती. वर्गातली बरीच डोकी एकमेकांकडे वळली. आपण त्या वेळी असतो तर या खोलीत कोण उरले असते, याचा हिशेब ती मनातल्या मनात करीत होती. त्याला भागाकार लागत नाही. इतिहास आणि गणित एका तासात बसतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. त्याआधी मी त्यांना दोन निरनिराळ्या घंटा देत होतो.

२

आता सुप्याची गोष्ट. 12 मे 1875 या दिवशी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांनी मागितल्या त्या खातेवह्या आणि कर्जरोखे. आणि हाती लागले ते जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले होते. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला आणि त्यातच सरकारी सारा वाढला. हे सारे खरे. परंतु माणसाने कागदच का जाळावा, याचे उत्तर मला एका कायद्यात सापडले.

1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. सावकारांनी यातून साधी वाट काढली. तीन वर्षे संपत आली की कुळाला बोलवायचे, मुद्दल आणि साचलेले व्याज यांची बेरीज करायची, आणि ती सारी बेरीज मुद्दल म्हणून नव्या कागदावर लिहून त्याचा अंगठा घ्यायचा. कागद वाचता येत नाही आणि अंगठा दिल्याशिवाय बियाणे मिळत नाही, असा तो पेच होता.

हा धडा आमच्या चौथी-पाचवीच्या पुस्तकात नाही. तरीही मी तो घेतला, आणि गणिताच्या तासाला घेतला. फळ्यावर लिहिले: समजा, कर्ज 64 रुपये. व्याज दरसाल चौथाई. आकडे माझे आहेत, पण रीत तीच.

"एका वर्षाचे व्याज किती?"

"चौसष्टाची पावकी, सोळा."

"तीन वर्षांचे?"

"अठ्ठेचाळीस. म्हणजे चौसष्टाची पाऊणकी," एकजण म्हणाला. आजोबांच्या औटकीपासून वर्गाला या भावंडांचा छंदच लागला होता.

"आता नवा कागद. मुद्दल किती?"

64 आणि 48 मिळून 112. पुन्हा तीन वर्षे. 112 ची पाऊणकी 84, कागद 196 चा. पुन्हा तीन वर्षे. 196 ची पाऊणकी 147, आणि कागद 343 चा. नऊ वर्षे झाली.

मग मी दुसरी ओळ मांडली. कागद बदलला नसता, सरळ व्याज धरले असते तर? नऊ वर्षांचे 144, मुद्दलासह 208. तिसरी ओळ दामदुपटीची. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये हा आपल्याकडचा फार जुना संकेत. त्याप्रमाणे फार तर 128. फळ्यावर एकाखाली एक तीन आकडे उभे राहिले: 128, 208 आणि 343. कर्ज तेच, माणूस तोच, वर्षेही तीच. फरक एवढाच की, बेरीज कोणी केली आणि ती कोणाला वाचता आली नाही.

वर्गात खडूचाही आवाज नव्हता. माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत व्याजाचे गणित इतक्या शांततेत मी कधी शिकविले नव्हते. एरवी ते "रामरावाने शामरावास अमुक रुपये दिले" असे सुरू होते, आणि रामराव कोण, शामराव कोण, त्याने पैसे का घेतले, हे विचारण्याची सोय नसते.

सरकारने या दंग्याची चौकशी केली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा आला. कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. म्हणजे कागदाच्या मागे जाऊन पहिल्या 64 रुपयांपर्यंत पोचण्याचा. हा कायदा मला एखाद्या चांगल्या मास्तरासारखा वाटतो. उत्तर राहू द्या, रीत दाखवा, असे तो म्हणतो.

३

या दंग्यानंतर सात वर्षांनी, 1882 साली, हंटर शिक्षण आयोग पुण्यास आला तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढलेला हा माणूस. शेतकऱ्यांच्या मुलांना काय शिकवावे, याची त्यांनी यादीच दिली आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे थोडे पाठ. या यादीत हिशेब वाचन-लेखनाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. ज्याने कुळांचे अंगठे पाहिले होते त्याला त्याची जागा अचूक ठाऊक होती.

पुढे एका गणिताच्या मास्तरानेच ही गोष्ट कायद्यात घालण्याची खटपट केली. गोपाळ कृष्ण गोखले राजकारणात मोठे झाले म्हणून ते मूळचे शिक्षक होते हे आपण विसरतो. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. 1911 साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. 1912 च्या मार्चमध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. एवढी वजाबाकी त्यांनी आयुष्यात क्वचितच सोसली असेल. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. 1911 पासून मोजले तर 99 वर्षे होतात. वर्गातल्या मुलांनी ही वजाबाकी तोंडी केली आणि "शतक हुकलं," असे एका क्रिकेटवेड्याने जाहीर केले.

४

तोवर शाळेत एक निराळाच पेच उभा राहिला होता. पंतोजीची गोणी जाऊन वेळापत्रक आले होते. भाषेचा तास, गणिताचा तास, इतिहासाचा तास. प्रत्येकाला आपापली भिंत. या भिंती पाडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न आपल्याच वर्ध्यात झाला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच डिसेंबरात योजना तयार करून दिली. मुलाने एखादा हस्तोद्योग करावा, आणि त्या उद्योगाच्या अनुषंगाने त्याला भाषा, गणित, भूगोल, समाजशास्त्र हे सारे शिकवावे, असे तिचे सूत्र. जुने शिक्षक याला समवाय पद्धती म्हणत. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ही शाळा चालविली.

त्या शाळेतल्या टकळीचे गणित मी मुलांना करून दाखविले आहे. सुताची चार फूट लांबी म्हणजे एक तार. 160 तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी. तर एका गुंडीत सूत किती? 2,560 फूट, अर्ध्या मैलाला अवघे ऐंशी फूट कमी! मुलांच्या तळहातावर मावणारी गुंडी शाळेपासून पार मारुतीच्या देवळापलीकडे पोचते, हे त्यांना खरे वाटेना. तेव्हा मोजपट्टी घेऊन आम्ही सारा वर्ग बाहेर पडलो. वाटेत एका गृहस्थाने विचारले, "गुरुजी, सहल का?" मी म्हटले, "नाही, गुणाकार चाललाय."

या योजनेचे पुढे काय झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा या कल्पनेवर टीका झाली, ती अगदीच गैर नव्हती. कित्येक शाळांत समवायाचा छळ झाला. कविता असो की ग्रहण असो, तिला ओढूनताणून टकळीशी बांधण्यात आले. 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द पुढे आणला आणि टकळ्या हळूहळू कपाटात गेल्या. तरीपण मूळ विचार मला खोटा वाटत नाही. धागा खरा असेल तर विषय आपोआप गुंफले जातात. तो ओढून आणला की तुटतो, हे टकळीवर बसणाऱ्या मुलालाही ठाऊक असते.

दुसरा धक्का 1 एप्रिल 1957 रोजी बसला. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एक आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक होते. म्हणजे आण्या-आण्याने चार वेळा दिले तर चोवीस आणि एकदम दिले तर पंचवीस! हा एक पैसा जातो कोठे, हे कोडे माझ्या वर्गाला आजही पुरते. पाठोपाठ 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. हिशेब सोपा झाला यात शंका नाही. औटकी मात्र निराधार झाली आणि आजोबांच्या खाटेशी जाऊन बसली.

५

आता माझ्या वर्गाचे सांगून संपवितो.

आमचा भाग डोंगरपट्ट्याचा. दिवाळी झाली की गावातील निम्मी घरे कुलूपबंद होतात. माणसे ऊस तोडायला जातात, ती चैत्राच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती तोडणीतून फेडायची. मुले बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहून गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात.

सुप्याचा धडा झाला त्याच आठवड्यात, मघाशी जिने पोरींची संख्या विचारली होती ती मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या बाची उचल फिटली नाय तर मुकादम बाकी फुडच्या सालात वडतो. म्हंजी ती बी नवा कागदच ना?"

मला एकदम उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तिचेच गणित मांडले. समजा, टनाला साडेतीनशे रुपये. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. उचल एक लाख पाच हजार. किती दिवसांत फिटेल? दोन औट सात, म्हणजे दिवसाचे सातशे. दीडशे दिवस. पाच महिने. "एकही खाडा न करता," मी म्हटले. तेवढ्यात वर्ग उसळला. खाडा होतोच, पाऊस येतो, ताप येतो, बाळंतपण येते. आणि आठवड्याला खर्ची घ्यावी लागते, ती कोणी धरायची? ज्या मुलांना मी वर्षभर शाब्दिक उदाहरणांत कच्ची समजत होतो, ती मला उदाहरण कसे अपुरे आहे ते समजावून देत होती.

दोन दिवसांनी त्या मुलीचा बाप शाळेत आला. मी त्याला ओळखले. तो माझाच विद्यार्थी. पाचवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर "गणितात कच्चा" असा शेरा मीच लिहिला होता, आणि एकदा शेकडेवारी चुकली म्हणून छडीही दिली होती. तो दाराशी चपला काढून उभा राहिला. मी बस म्हटले तरी बसेना. म्हणाला, "पोरीनं घरी हिशेब मांडला, गुरुजी. तुम्ही आम्हांला बी शेकडेवारी शिकिवली व्हती. पर ती दुकानदाराच्या नफ्याची व्हती. म्या काय दुकानदार झालो न्हाई."

त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते फार लागले. दुकानदाराचा नफा, पाण्याचे हौद आणि गाड्यांचा वेग मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. जो मुलगा दर हंगामात आईबापाबरोबर वजनकाट्यावर उभा राहत होता, त्याला टन आणि उचल मात्र मी एकदाही विचारली नव्हती. कच्चा तो नव्हता.

त्या वर्षी मुलगी आजीजवळ राहिली. तिच्या बापाने दुकानातून शंभरपानी वही आणून दिली. लक्ष्मीपूजनाला गावात व्यापाऱ्यांच्या चोपड्या पुजल्या जातात. तिच्या आजीने ती कोरी वही पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले, हे मी स्वतः पाहिले. पुढे दर रविवारी आईचा फोन येई आणि मुलगी लिही: वार, टन, खाडा, खर्ची. शाळेत सोमवारी ती बेरीज मला दाखवी. मी फक्त पाहत असे. चूक काढण्याची वेळ दोनदाच आली.

चैत्रात हिशेबाला बसले तेव्हा तिची वही आणि मुकादमाची डायरी यांत बारा टनांचा फरक निघाला. बराच वाद झाला. मुकादमाने अखेर आठ टन मान्य केले; उरलेल्या चारांची पावती सापडली नाही. बाकी फिटली नाही ती नाहीच. या वर्षीही तो कोयता जाणार आहे आणि बहुतेक पुढच्या वर्षीही. एका वहीने कर्ज फिटते असे सांगून मी दिवाळीच्या दिवशी वाचकांची खोटी समजूत घालणार नाही. पण बारा टनांचा फरक आहे, हे तरी त्या घराला यंदा प्रथमच कळले.

परवा शेवटच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे फळ्यावर साडेतीन लिहिले. औट हा शब्द आता वर्गाला ठाऊक आहे. आजोबा मात्र गेल्या पावसाळ्यात गेले. तास संपताना मी विचारले की, यंदा आईबाप तोडणीला गेल्यावर हिशेबाची वही कोण ठेवणार? तीन हात वर झाले. त्यांतला एक आजोबांच्या पणतूचा होता. मी कपाटातून तीन कोऱ्या वह्या काढल्या आणि पहिल्या पानावर रकाने कसे आखायचे ते दाखवू लागलो.